भाकरीचे वजन

समाजात आपले वजन वाढावे आणि काट्यावर मात्र ते घटावे, अशी प्रत्येकाचीच इच्छा असते. पहिल्या बाबतीत मी कधी फारशी आशा धरली नाही. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईचे समाजात वजन वाढून वाढून वाढणार किती? दुसऱ्या बाबतीत मात्र मी समाधानी होते. लग्नानंतर एकदा काटा 54 किलोंवर येऊन थांबला, तो एखाद्या कायम नोकरीतल्या माणसासारखा तिथेच बसून राहिला होता. 2022 च्या पावसाळ्यात त्याने अचानक जागा सोडली.

प्रथम आनंदच झाला. सैल झालेली पोलकी मी कौतुकाने आत घेतली. प्राध्यापक-कक्षातल्या मैत्रिणी विचारू लागल्या, "काय हो, करता तरी काय? आम्हांलाही सांगा ना!" मी काहीच करत नव्हते, पण तसे सांगितले तर कुणाला खरे वाटेना. रहस्य राखून ठेवल्यासारखे हसून मी वेळ मारून नेई. दोन महिन्यांनी मात्र ते हसू ओसरले. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत कठड्याला दोनदा धरून उभे राहावे लागे. एखादा लांब उतारा वाचताना मध्येच श्वास संपे, आणि मुलांना वाटे, बाई अर्थ खोल आहे म्हणून थांबल्या. पोट सदा बिघडलेले. वजन 45 किलो झाले, तेव्हा आमच्या ह्यांनी काही न बोलता माझी जुनी विम्याची कागदपत्रे कपाटातून काढून ठेवली. ती मला दिसली, हे मीही त्यांना सांगितले नाही. त्या आठवड्यात आम्ही दोघेही एकमेकांशी फार गोड बोलत होतो.

डॉक्टरांनी रक्त तपासले, दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडाही तपासला आणि निदान सांगितले : सिलिअ‍ॅक. मनात धरलेल्या रोगापेक्षा तो पुष्कळच सभ्य निघाला. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातला कस ती शोषून घेते. गव्हात ग्लुटेन नावाचे एक प्रथिन असते. काही जणांच्या शरीराला ते शत्रू वाटते, आणि त्या शत्रूशी लढता लढता शरीर आपल्याच आतड्याची लव झिजवून टाकते. मग कितीही खा, अंगी लागत नाही. औषध? औषध काही नाही. गहू सोडायचा; जव, म्हणजे सातूही सोडायचा; आणि तोही थोडेथोडके दिवस नव्हे, जन्मभर.

"आणि वजन?" मी विचारले.

"ते आता घटू द्यायचे नाही," डॉक्टर म्हणाले. "गहू सोडून वाढवायचे आहे."

मला हसू आले. सारे जग वजन घटवण्यासाठी पाव आणि पोळी सोडत होते. मी तीच सोडायची होती, पण वजन टिकवण्यासाठी!

माझा डबा म्हणजे पाव, हे इथे सांगायला हवे. सकाळचे महाविद्यालय. सात वाजून दहा मिनिटांनी पहिला तास. पावाचे चार काप, लोणी, काकडीच्या चकत्या. दोन मिनिटांत डबा तयार! पावाचे पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला 'पाव' म्हणतात, हे लहानपणी ऐकलेले खरे नाही. शब्द पोर्तुगीजांचा आहे, त्याचा आपल्या पायांशी काही संबंध नाही, हे मी दर वर्षी एका तरी वर्गाला सांगत आले. मात्र माझ्या पायांना त्या पावाने रोजची वीस मिनिटे मिळवून दिली होती, हेही तितकेच खरे.

या रोगाचा शोधही पावाच्या अभावातून लागला, हे कळले तेव्हा मला मोठी मौज वाटली. हॉलंडमध्ये डिके नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. अशा खंगलेल्या मुलांना गहू बाधतो, असा संशय त्यांना आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात त्या देशात भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना. सारा देश सुकत चालला असताना ही मुले मात्र सुधारली. आणि पाव पुन्हा मिळू लागला, तशी पुन्हा ढासळली. 1950 मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. एका देशाच्या उपासमारीतून माझ्या डब्याचा निकाल लागावा, हा केवढा विलक्षण योगायोग!

निकाल लागला, पण डब्यात काय घालायचे, हा प्रश्न उरलाच. पाव गेला, पोळी गेली. त्यांच्यामागोमाग रवा, मैदा, शेवया गेल्या. थालिपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटातही गहू. डबीतल्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे कळल्यावर तर फोडणीचीही भीती वाटू लागली. राहिले काय? साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. म्हणजे इतरांनी जे उपवासाला खायचे, ते मी वजन वाढवण्यासाठी खायचे! पंधरा दिवस मी रोज एकादशी केली. पण साबुदाण्यात पिष्टाखेरीज विशेष काही नसते. दाण्याचे कूट सढळ हाताने घातले तरच त्याला अर्थ. भाताचा डबा नेला, तर दुसऱ्या तासाला भूक लागे.

शेवटी मी भाकरीपाशी आले. आले म्हणण्यापेक्षा शरण गेले. मी पुण्याची. आमच्याकडे भाकरी म्हणजे पिठल्याबरोबर हौसेने कधीतरी खायची वस्तू. सासर सोलापूरकडचे. सासूबाईंचे माहेर मंगळवेढ्याजवळ. जिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या काळ्या रानातले. मामंजी गेल्यावर त्या कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारले होते, "भाकरीचं पीठ आहे का गं?" घाईत होते मी. म्हटले, "आई, इथं कोण खातं भाकरी? पोळीच बरी पडते." त्यांनी "बरं" म्हटले. पुन्हा कधी विचारले नाही. हा प्रसंग मी विसरूनही गेले होते.

आता मीच परात घेऊन त्यांच्यापुढे बसले. त्या 76 वर्षांच्या. उभे राहून थापणे त्यांना जमत नव्हते. "तू थाप, मी सांगते," त्या म्हणाल्या. मी पोळीसारखे लाटायला गेले, तर पीठ लाटण्याला चिकटून फाटले. मग माझ्या ध्यानात आले, की पोळीला ताण देणारे आणि पावाला फुगवणारे जे ग्लुटेन माझ्या जिवावर उठले होते, तेच ज्वारीत नाही. म्हणून ती लाटायची नसते, थापायची असते. "आधण आल्यावर पाणी ओत, म्हणजे पीठ धरेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि पीठ ताजं पाहिजे. विरी गेली, की काठाला चिरा पडणारच." विरी! मी मराठी शिकवते. पण पिठाचा चिकटपणा सांगणारा हा शब्द मला चाळिशी उलटल्यावर परातीपाशी कळला.

महिनाभरात भाकरी जमली. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे, ते सुकायच्या आत उलटायची, मग विस्तवावर धरली, की पापुद्रा टम्म फुगतो. मी आनंदाने काट्याकडे धावले. काटा 46 वर. पुढच्या महिन्यात 46. चार महिने 46! गव्हाचा कण पोटात जात नव्हता; निदान माझी तशी समजूत होती. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी जातोय." मी रडकुंडीला आले. रात्री जेवताना तसे म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी शांतपणे विचारले, "गिरणीत तुझ्या ज्वारीच्या आधी कुणाचं काय दळलं, ते बघितलंस का?"

मी घास हातात धरून बसले.

"उपवासाचं दळण गिरणीवाला वेगळं दळतो की नाही? का, तर त्यात गहू मिसळू नये म्हणून. मग तुझा तर रोजचाच उपवास!"

सोवळ्या-ओवळ्याची मी आयुष्यभर थट्टा केली. दुसऱ्याच दिवशी आमचे हे घरघंटी घेऊन आले. तीत फक्त ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि नाचणी दळायची, असा नियम झाला. तवा वेगळा, परात वेगळी, डबा वेगळा. हे स्वतः दळायला बसू लागले, आणि पांढऱ्या मिशांनी मला विचारू लागले, "बारीक आहे ना?" विम्याची कागदपत्रे परत कपाटात गेली. ती कुणी ठेवली, ते मी विचारले नाही.

डब्याचा प्रश्न मात्र अजून अर्धाच सुटला होता. पहाटे केलेली भाकरी साडेदहापर्यंत कडक होते. दोन उपाय सासूबाईंनीच सांगितले. एक : मऊ भाकरी सुती फडक्यात गुंडाळायची, आणि पापुद्रा उचलून आत लोणी व शेंगाची चटणी भरायची. पावाचे दोन काप करून मधे काही भरण्यात मी जे चातुर्य समजत होते, ते भाकरीला जन्मतःच असते! दुसरा : ती कडक होणारच आहे ना, मग मुद्दामच कडक करा. सोलापूरकडे पातळ थापून, खरपूस वाळवलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. तिची चवड मी प्राध्यापक-कक्षातल्या माझ्या कपाटात, उत्तरपत्रिकांच्या शेजारी ठेवली. दह्यात कुस्करली, वर शेंगाची चटणी आणि तेल घातले, की जेवण झाले. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. चटणी म्हणजे केवळ तोंडी लावणे नव्हे, हे माझा काटा सांगू लागला. एप्रिलात 48, गणपतीत 51.

ते 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. ज्या मैत्रिणी पूर्वी रहस्य विचारत, त्या आता ज्वारीची कृती विचारू लागल्या. अर्थात वजन घटवण्यासाठी. मी घरी हे सांगितले, तेव्हा सासूबाई हसल्या. "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही अमेरिकेची तांबडी मिलो खाल्ली. तेव्हा आपल्या पांढऱ्या ज्वारीचं स्वप्न पडायचं. आता हिचं साल साजरं करतात म्हणे!"

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

आमच्या घरात पहिली भाकरी नीट फुगली, त्या दिवशी सासूबाईंनी ती मोडून अर्धी मला दिली, अर्धी आपल्या ताटात घेतली. मग आणखी एक घेतली. मग कांदा फोडून तिसरीची अर्धी. मी पाहत राहिले. एरवी त्या चहात पावाचा एक काप बुडवून खात, रात्री एक पोळी. "म्हातारपणी भूक मरते गं," असे त्या म्हणत, आणि तेही मला खरे वाटे. इतकी वर्षे माझ्या घरात एका माणसाची भूक मेलेली नव्हती. ती नुसती गप्प बसली होती. मी माझी वीस मिनिटे वाचवत होते, ती कुणाच्या खात्यावर, हे मी कधी पाहिलेच नव्हते. आणि माझ्या आतड्याची लव झिजली नसती, तर आजही पाहिले नसते.

त्या दिवाळीत डॉक्टरांकडे जाताना मी त्यांनाही बरोबर नेले. माझे वजन 52 भरले. मग मी त्यांचा हात धरून त्यांना काट्यावर उभे केले.

"अगं, मला काय झालंय?" त्या संकोचून म्हणाल्या.

आदल्या वर्षीच्या कागदावर त्यांचे वजन 41 लिहिलेले होते. आता काटा 44 वर थांबला. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला आणि विचारले, "आजी, कुठलं टॉनिक घेता?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घालून पिशवीतला डबा उगीचच घट्ट बंद करत राहिले.

"सून भाकरी करते," त्या म्हणाल्या.