झुंबर, पंखा आणि बाबांचा पेपर

नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली तेव्हाच ठरवून टाकलं होतं, हॉलमध्ये झुंबर हवंच! उभं बालपण चाळीतल्या एका बल्बखाली गेलं. आता एवढा ईएमआय भरतोय, तर थोडा थाट नको?

एका शनिवारी लोहार चाळ गाठली. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या त्या गल्ल्यांत शिरलं की डोळे दिपतात आणि अक्कलही. ३० इंच व्यासाचं, ३ फूट लांब क्रिस्टलचं झुंबर दुकानात अगदी इवलंसं वाटलं. घासाघीस केली, त्याला टॅक्सीत मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून घरी आणलं.

माझा हॉल १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. म्हणजे झुंबराचं टोक जमिनीपासून साडेसहा फुटांवर. हात वर करून जांभई द्यायची चोरी! त्यात पंखा लावला की लोलकांची किणकिण सुरू, आणि पात्यांच्या सावल्या सगळ्या भिंतींवर नाचायला लागायच्या. मित्र मात्र ‘झक्कास’ म्हणाले. मी खूश.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. रात्री ऑफिसातून आलो की ते स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली, स्टुलावर बसून पेपर वाचताना दिसायचे. मला वाटलं, सवय असेल. महिन्याभरानं विचारलं, तर म्हणाले, ‘‘तिथे अक्षरं नाचतात रे. तुझं झुंबर छान आहे, पण ते बघायला.’’

चर्रर्र झालं. पाहुण्यांसाठी मी हॉल उजळला होता आणि घरच्या माणसाला स्टुलावर बसवलं होतं.

मग जरा अभ्यास केला. हिशेब सोपा निघाला. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करायची. येईल तो आकडा म्हणजे दिव्याचा साधारण व्यास, इंचांत. माझ्या हॉलला २२ इंच पुरे होते! जिथून माणसं ये-जा करतात तिथे दिव्याखाली किमान ७ फूट मोकळे हवेत. डायनिंग टेबलावरचा दिवा टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोन-तृतीयांश असावा आणि टेबलापासून ३० ते ३६ इंच वर लटकावा. खोक्यावर वॅट नाही, ल्यूमेन बघायचे. वॅट सांगतो वीज किती खाणार, ल्यूमेन सांगतात उजेड किती देणार. आणि वय वाढतं तशी डोळ्यांतली बाहुली कमी उघडते, आतली लेन्स पिवळट होते. मला जो उजेड भरपूर वाटतो, तो बाबांना अपुराच पडणार.

दुकानदारानं थोडे पैसे कापून झुंबर परत घेतलं. हॉलला छताला चिकटून बसणारा चपटा दिवा लावला, तोही पंख्यापासून दूर. डायनिंग टेबल ३ फूट रुंद, त्यावर २० इंचांची साधी शेड सोडली. उंची ठरवायला बाबांनाच खुर्चीत बसवलं. वायरमन वायर वर-खाली करत होता आणि बाबा पेपर धरून सांगत होते, ‘‘अजून जरा खाली... हां, बास!’’

आता स्टूल माळ्यावर गेलंय. रात्री घरी आलो की बाबा टेबलापाशी असतात, आणि शब्दकोड्यातले दोन-तीन शब्द माझ्यासाठी राखून ठेवलेले असतात.