तिरपं ऊन

करमाडला सकाळचं ऊन जालन्याच्या बाजूने येतं. अंगावर चढण्याआधी थोडा वेळ ते जमिनीशी सलगी करून असतं, आणि जुना कागद बोलता होतो तो तेवढ्याच वेळात. मोडीतलं एखादं इनामपत्र खिडकीशी आडवं धरावं, नजर त्याच्या पातळीला आणावी, की काळ्या अक्षरांच्या पोटात बारीक चमक उठते. ओली शाई सुकावी म्हणून कारकुनाने भुरभुरलेली ती वाळू. लिहिणारा गेला, लिहवून घेणारा गेला, वाळू आहे.

आजोबा ओसरीवर असाच कागद धरत. दिव्याखाली कधीच नाही. "आधी कडेनं बघावं, मग वाचावं," म्हणत. मी वाकून बघायचो, आणि त्यांच्या धोतराचा उन्हाळलेला वास नि कागदाचा कुबट वास एकमेकांत मिसळून जायचे. अजूनही कागद उलगडला की आधी तेच आठवतात.

दूर युरोपात दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सन्मानपत्रं जमवणारेही असेच कागदावर ओणवे होतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर उजळला, तर त्यात युद्धानंतर रुळलेलं शुभ्रक आहे, म्हणजे तो मागाहून केलेला. टंकयंत्राच्या अक्षरांचे उठाव ते पाठीमागून बोटाने चाचपतात, सही करणाऱ्याचा त्या तारखेचा हुद्दा ताडून पाहतात. माझ्या खुणा वेगळ्या. ओळ आधी ओढून मग तिला टांगलेली अक्षरं, बोरूचा जाड-बारीक फराटा, शेवटी मोर्तबाचा शिक्का. कागद दौलताबादी वाटतो का, तेही बोटांना विचारायचं; खुलताबादच्या वाटेवर कागजीपुऱ्यात हातकागद आजही होतो. खोटे कागद जमिनीपायी होत आले, म्हणून मन आधी शंकाच घेतं.

माझ्याकडचा एक कागद बालपरवेशीचा आहे. लढाईत पडलेल्याच्या मुलाच्या पोषणासाठी दिलेली जमीन. साल इसन्ने सितैन, मृगाला उलटणारं, म्हणजे १७६१-६२. पानिपत होऊन गेलेलं. मी त्याच्याशी फार दिवस रेंगाळलो. साल जुळलं, वळण जुळलं, शिक्का जुळला. एका सकाळी तिरप्या उन्हात वाळूही चमकली आणि मला आनंद झाला, लहान मुलासारखा.

मग तो ओसरला.

कागद खरा ठरावा म्हणून इतके दिवस मी झुरत होतो, आणि तो खरा असायचा तर त्या पोराचा बाप खरोखरच पडलेला हवा होता. खोटा निघाला असता तर कुणी जमिनीसाठी लबाडी केली एवढंच झालं असतं, त्या घरचं कुणी गेलं नसतं. तिकडच्या जर्मन सन्मानपत्रांतल्या एखाद्या काळ्या जखमपदकाच्या पत्राचंही तेच. ज्या राजवटीची ती मुद्रा, तिचं नाव घ्यावंसं वाटत नाही; पण पत्र अस्सल असेल तर जखमही अस्सल होती, आणि ज्याला ती झाली तो कळवळलाही होताच.

संग्राहकाचा आनंद असा दुसऱ्याच्या दुःखावर उभा असतो. ते कळूनही मी कागद तपासणं सोडलेलं नाही. फक्त आता शिक्क्याच्या आधी त्या मुलाचं नाव वाचतो, सावकाश, मोठ्याने.