दोर, साखळी आणि किल्ली

आमच्या घरच्या होडीला पूर्वी कुलूप नव्हते. मी माहेरची बेळगावची. १९८४ साली लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या मांडवीकाठच्या या गावी आले, तेव्हा परसातल्या माडाला काथ्याच्या दोराने बांधलेली आंब्याच्या लाकडाची होडी पाहून मला नवल वाटले होते. “कुणी नेली तर?” असे मी सासूबाईंना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “नेली तर काम झाल्यावर आणून बांधील. होडी घेऊन कुणी जायचे म्हटले तरी जाणार कुठे?”

सासऱ्यांना आम्ही तात्या म्हणत असू. दोराच्या गाठीविषयी त्यांचा मोठा कटाक्ष असे. गाठ भरतीच्या ओढीने सुटता कामा नये, परंतु अडल्या वेळी पोराच्या हातांनीही सुटली पाहिजे, असे ते म्हणत. पावसाळा तोंडावर आला की होडी वर आणायची, काजूच्या टरफलांचे तेल तिला चोपडायचे आणि झावळ्यांच्या खोपीत ती पालथी घालून ठेवायची. एवढीच तिची निगा आणि एवढेच तिचे रक्षण.

तात्या गेले आणि काही वर्षांनी लाकडी होडीही कुजून गेली. पुढे यांनी निवृत्तीनंतर हौसेने फायबरची सोळा फुटी होडी घेतली आणि मागे लावायला एक लहानसे इंजिनही घेतले. नदी घरापासून तीनशे पावलांवर असल्यामुळे होडी नेण्या-आणण्यासाठी दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर करवून घेतला. घरात एवढी मोलाची वस्तू आली, परंतु ती सांभाळण्याची आमची रीत मात्र तात्यांच्या वेळचीच राहिली.

२०१७ च्या भाऊबिजेला आम्ही चार दिवस बेळगावास गेलो होतो. परतलो तेव्हा होडी जागच्या जागी होती, परंतु इंजिन गेले होते आणि दोन्ही चाके काढून नेलेला ट्रेलर जमिनीला टेकला होता. पोलीस चौकीत पहिलाच प्रश्न आला, “इंजिनाचा क्रमांक काय?” आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पावती कोठे ठेवली होती, तेही आठवेना. ज्या वस्तूची ओळखच सांगता येत नाही, ती सापडली तरी आपली म्हणून कशी मागायची? त्या दिवशी यांचा चेहरा इतका उतरला होता की मला इंजिनापेक्षा त्याचेच दुःख अधिक झाले.

त्यानंतर मात्र यांनी जणू किल्लाच बांधायला घेतला. त्यातील काही गोष्टी सर्वांच्या उपयोगाच्या आहेत, म्हणून सांगते. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या दारात होडी असेल, परंतु ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा मालाची हातगाडी पुष्कळांकडे असते.

साखळी नुसती चाकातून ओवून भागत नाही, कारण चाक निखळते आणि साखळीही त्याबरोबर मोकळी होते. ती सांगाड्याच्या पक्क्या लोखंडातूनच गेली पाहिजे. शिवाय ती जमिनीवर लोळत ठेवू नये. जमिनीचा आधार मिळाला की कापणाऱ्याला कात्रीवर सारा भार टाकता येतो. तीच साखळी वर ताणून बांधली तर त्याचे काम अवघड होते. आम्ही अंगणात काँक्रीटमध्ये लोखंडी कडी पुरून घेतली. ट्रेलर चिऱ्यांवर उचलून ठेवला आणि चाके काढून घरात आणली. त्यामुळे तो कुणाला ओढून नेता येत नाही आणि महिनोन् महिने उभे राहून टायरही बसत नाहीत. गाडीला जोडायच्या तोंडाला वेगळे कुलूप घातले. नवे इंजिन घेतले, तेव्हा त्याच दिवशी त्याचा क्रमांक वहीत उतरवला आणि छायाचित्रही काढून ठेवले. वापर संपला की गोड्या पाण्याने धुऊन ते आत आणायचे. पेट्रोल मात्र घरात ठेवायचे नाही.

आमच्या गोव्यातला पाऊस हाही एक चोरच आहे. होडी उताणी राहिली आणि तिच्यात एक घनमीटर पाणी साचले, तर एक हजार किलोंचा भार खालच्या ट्रेलरवर येतो. म्हणून तळाचे बूच काढायचे, नाळ किंचित उंच ठेवायची आणि वर ताडपत्री अशी ताणायची की खालून वारा खेळता राहील.

एवढे सगळे झाल्यावर यांनी वल्हीसुद्धा माळ्यावर ठेवली, खोलीला कुलूप लावले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या स्वाधीन केला. आताशा पावसाळ्यात आम्ही पणजीस मुलाकडे असतो. तो जुडगाही अर्थातच माझ्याबरोबर पणजीस गेला.

२३ जुलै २०२१ ची ती पहाट. रात्रभर घाटात पाऊस कोसळत होता आणि महादई फुगली होती. खाली भरतीचे पाणी असले की पुराला उतरायला वाट मिळत नाही. शेजारच्या आबांचा फोन आला. “वहिनी, खालच्या वाड्यावर कमरेएवढे पाणी आहे. मावशी एकट्या आत अडकल्या आहेत. होडीची किल्ली कुठे ठेवलीत?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. किल्ली समोर कपाटातच होती आणि रस्ता पाण्याखाली गेला होता.

पुढची हकीकत मागाहून समजली. चार तरुणांनी साखळीवर करवतीचे पाते चालवून पाहिले. दोन पाती मोडली, साखळीला मात्र ओरखडाच पडला. ट्रेलर ओढावा तर त्याला चाके नव्हती. आबांच्या हाती कुऱ्हाड होती, परंतु होडी फोडून होडी कशी मिळणार? शेवटी त्यांनी केळी तोडून सोटांचा तराफा बांधला आणि त्यावरून मावशींना बाहेर काढले. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई भिजून काकडल्या होत्या. आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळल्या, आणि मग बऱ्या झाल्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही गावी गेलो. मी थेट मावशींकडे गेले. माझा हात हाती घेऊन त्या म्हणाल्या, “कुलूप मात बरें घट आसा गो तुमचें!” त्यांच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री हे फारसे बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने इतकेच म्हणाले, “तात्यांची गाठ पोराच्या हाताने सुटायची.”

आम्ही साखळी काढून टाकलेली नाही. काळ पालटला आहे, हे आम्हांला नाकारता येत नाही; चोर आमच्या दारी एकदा येऊन गेलेला आहे. परंतु आता मेच्या अखेरीस पणजीस निघण्यापूर्वी ट्रेलरला चाके चढवून, त्यांतूनही साखळी ओवून ठेवतो. वल्ही आबांच्या पडवीत असतात आणि तळाचे बूच वल्ह्यालाच दोरीने बांधलेले असते. दुसरी किल्ली आबांच्या देवघराशेजारच्या खुंटीवर टांगलेली आहे. ती कशासाठी आहे, हे वाड्यावरच्या लहानथोरांना ठाऊक आहे. पावसाळ्यात आबांचा नातू दर रविवारी कुलूप उघडून पाहतो, त्यात दोन थेंब तेल सोडतो आणि पुन्हा लावतो. मग संध्याकाळी त्याचा फोन येतो, “आजी, उघडले हो.”

“लावले” असे तो कधीच म्हणत नाही. मीही विचारीत नाही.