रिसीव्हरने काय ऐकू नये?

१/ दूरनियंत्रित विमान कोसळले की दोष बहुधा उडवणाऱ्याच्या हाताला दिला जातो. या छंदाच्या इतिहासात मात्र खरा प्रश्न विमानाच्या पोटातल्या रिसीव्हरचा राहिला आहे. हवेत असंख्य लहरी असताना त्याने आज्ञा मानायची कोणाची? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/ १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहान नौका बिनतारी आज्ञांनी चालवून दाखवली. तिच्यात 'कोहिअरर' होता, म्हणजे धातूचा कीस भरलेले पात्र. लहर येताच कीस वीज वाहू देई. पुढच्या आज्ञेआधी तो हलवून मोकळा करावा लागे. पण जवळ कुठेही विजेची ठिणगी उडाली, तरी कोहिअरर जागा होई. आपला-परका हा भेद त्याला ठाऊक नव्हता.

३/ मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ साली प्रक्षेपण सुरू केले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँग यांनी 'सुपररिजनरेटिव्ह' रिसीव्हर मांडला. एका व्हॉल्व्हवर चालणारा, हलका, स्वस्त आणि तीक्ष्ण कानांचा. विमानांच्या छोट्या प्रतिकृतींना तो सोयीचा ठरला. दोष एकच: शेजारच्या वारंवारतेवरचे बोलणेही तो ऐके.

४/ उपाय आर्मस्ट्राँग यांच्याच १९१८ च्या 'सुपरहेटरोडाइन' रचनेत होता. आलेली लहर आधी एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणायची, मग बाकी सारे गाळायचे. ट्रान्समीटर व रिसीव्हरमध्ये जोडीचे स्फटिक बसू लागले. तरीही एकाच क्रमांकाचे दोन ट्रान्समीटर सुरू झाले, तर विमान पडणारच. म्हणून मैदानावर वारंवारतेची चिमटी फळीवरून उचलल्याशिवाय ट्रान्समीटर सुरू करायचा नाही, असा दंडक आला. यंत्राची उणीव माणसांच्या शिस्तीने भरून काढली.

५/ आज २.४ गिगाहर्ट्‌झवर रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरची ओळख आधीच लक्षात ठेवतो. अनेक संच सतत वारंवारता बदलत राहतात. हीच कल्पना अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीरांसाठी मांडली होती. त्यांना १९४२ मध्ये पेटंट मिळाले. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला.

६/ परक्या हाका थांबल्या, तरी डोंगर उरतोच. ७२ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे चार मीटर लांबीची, तर २.४ गिगाहर्ट्‌झची जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची. ती अडथळ्याला फारशी वळसा घालत नाही. ओली पानेही तिला शोषतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात हे सहज ध्यानात येईल. जांभ्याच्या सड्यावर दृष्टी मोकळी असते. पण विमान कडेखालच्या दरीत, गर्द झाडीआड उतरले की हाक तुटू शकते.

७/ म्हणून आधुनिक रिसीव्हरचा मोठा गुण 'फेलसेफ' होय. हाक तुटली तर इंजिन मंद करायचे की अन्य काही, हे त्याला आधीच शिकवून ठेवता येते. ते शिकवणे आणि पंखा काढून, जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून तपासणे, हे काम मात्र आजही माणसाचेच आहे.