फोटो काळा आलाय, सर!

"फोटो काळा आलाय, सर!" हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचं वाईट वाटत नाही. शाळेत निबंधाची वही परत दिली की मुलं आधी मार्क बघायची, शेरा नंतर. तसंच हे. फोटो हातात घेतला की मंडळी आधी मागचा अंधार बघतात, चेहरा नंतर.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! फोटो म्हणजे भरपूर उजेड, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. लग्नातले जुने अल्बम काढून बघा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशने सगळे चेहरे पीठ फासल्यासारखे, कपाळं चकाकतायत आणि मागच्या भिंतीवर प्रत्येकाची एकेक काळी सावली. त्यात वधू सावळी असली तर फोटोत ती ओळखू येऊ नये, एवढी काळजी घेतलेली! मग आमच्या सांगवीत एक निवृत्त मास्तर म्हाताऱ्या माणसांना भरदुपारी खिडक्या लावून माजघरात बसवतो आणि अंधारातले फोटो काढतो म्हटल्यावर लोक हसणारच.

पण हे खूळ लागलं कसं, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू, अण्णा, गेले. दहाव्याच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की घरात अण्णांचा एकट्याचा असा फोटोच नाही. लग्नाकार्यातले घोळके होते, त्यात कुठेतरी मागे फेट्यातले अण्णा. शेवटी पुतण्या त्यांचं आधार कार्ड घेऊन एका स्टुडिओत गेला आणि संध्याकाळी मोठी फ्रेम घेऊन आला. फोटोत अण्णांच्या अंगात निळा कोट, मागे गुलाबी पडदा, चेहरा गोरापान. अण्णांनी जन्मात कोट घातला नव्हता. नीरेकाठच्या उसात हयात गेलेली, उन्हाने रापलेला माणूस. लहानपणी बैलाचं शिंग लागून उजव्या भुवईवर व्रण होता, तोही पुसलेला. वहिनींनी फ्रेमकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे कोण?"

त्या दोन शब्दांनी मला जे वाटलं ते सांगणं अवघड आहे. कारण कॅमेरा माझ्याकडे होता! मुलाने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना डिजिटल एसएलआर माझ्याकडे आला. आमच्याकडून भिगवण काही लांब नाही. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. मी दरवर्षी जायचो. दोन-तीन वेळा अण्णाही आले होते. होडीत माझी बॅग मांडीवर घेऊन बसायचे.

त्या रात्री संगणकावर सगळे फोटो उघडून बसलो. नऊशेच्या वर रोहित! उडणारे, उतरणारे, एका पायावर उभे. अण्णा फक्त एका फोटोत, होडीच्या टोकाला, डोक्यावर टॉवेल, माझ्याकडे पाठ. मला तो क्षण आठवतो. मी म्हणालो होतो, "अण्णा, जरा बाजूला सरका, पक्षी दिसत नाहीत." आणि ते सरकले होते.

असो.

त्यानंतर ठरवलं, आता माणसांचे फोटो काढायचे. पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशने काढलेले फोटो स्टुडिओवाल्यासारखेच यायला लागले. मग नातवाने वेगळा फ्लॅश आणून दिला. चार पेन्सिल सेलवर चालतो, आणि काडेपेटीएवढ्या दोन ट्रिगरमुळे कॅमेऱ्यापासून दूर ठेवूनही पेटतो. गोम इथेच होती. फ्लॅश समोरून आदळला की नाकाची, सुरकुत्यांची सावली कॅमेऱ्याला दिसतच नाही, चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. तोच फ्लॅश बाजूला, डोक्यापेक्षा जरा वर, तिरपा ठेवला की एक गाल उजळतो, दुसरा अंधारात जातो आणि त्या अंधारातल्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट माणसं अशी रंगवायचा, म्हणून याला त्याचंच नाव पडलंय.

आमचं साहित्य म्हणाल तर टेबलफॅनचा जुना स्टँड, त्याला सुतळीने बांधलेला फ्लॅश आणि उजेड मऊ व्हावा म्हणून पुढे धुतलेला पांढरा पंचा.

अंधारासाठी रात्र लागत नाही, ही गंमत मला फार उशिरा कळली. आयएसओ १००, शटर १/२००, ॲपर्चर एफ ८. एवढं ठेवून फ्लॅश न लावता बटण दाबलं की दिवसाउजेडी माजघराचा फोटो काळाकुट्ट येतो. तसा आला की समजायचं पाटी कोरी झाली, आता आपण लिहू तेवढंच उमटणार. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो. म्हणून खोलीचा उजेड शटरने आवरायचा आणि फ्लॅशचा ॲपर्चरने. शटर फार वाढवलं मात्र, तर फोटोत काळा पट्टा येतो. ती चूक मी आठवडाभर केली.

दुसरी गोष्ट अंतराची. मी मराठीचा मास्तर, पण हा नियम शेजारच्या वर्गातून ऐकून ऐकून पाठ होता, अंतर दुप्पट तर प्रकाश पाव. चेहरा फ्लॅशपासून तीन फुटांवर आणि मागची भिंत बारा फुटांवर, म्हणजे अंतर चौपट, भिंतीवर उजेड सोळावा हिस्सा. भिंत आपोआप विझते. आणि सगळे आकडे आपल्या हाताने ठेवायचे. कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडलं तर तो सगळ्या चित्राची सरासरी राखाडी करायला जातो. अंधार जास्त दिसला की घाबरून उजेड वाढवतो आणि सावळा माणूस पांढराफटक पडतो. स्टुडिओवाल्याची खोड त्यालाही आहेच म्हणायची!

पूर्वी सहलीत म्हैसूरला जगन्मोहन पॅलेसमध्ये हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र पाहिलं होतं. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं. १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि तेही जलरंगातलं. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. पुढे त्या गीताबाई उपळेकर झाल्या, २०१८ साली कोल्हापुरात १०२ व्या वर्षी गेल्या. चित्रात ज्योतीपुढे धरलेल्या तळहाताच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो. बाकी सगळा अंधार. तेव्हा मी नुसतं "वा!" म्हणून पुढे गेलो होतो. आता कळतं, तो अंधार आहे म्हणून ती मुलगी आपल्याला दिसते.

पहिला धडका फोटो काढला तो वहिनींचा. अण्णा गेल्यापासून त्या कुठल्या फोटोत उभ्या राहिल्या नव्हत्या. हिने आग्रह केला म्हणून आल्या. डोक्यावर पदर घेऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, अंधारात बसवून कसला फोटू काढताय?"

दोन-तीन फोटो घेतले, पण सावली पातळ येत होती. पलीकडच्या चुन्याच्या भिंतीवरून उजेड परत येत होता. तो खायला काहीतरी काळं हवं म्हणून आतून घोंगडं आणून भिंतीवर टांगलं. वहिनींनी मान वळवली.

"हे ह्यांचं घोंगडं न्हवं?"

मला खरंच लक्षात नव्हतं. त्या घोंगड्याकडे बघत राहिल्या. अर्धा चेहरा अंधारात गेला, एका डोळ्यात फ्लॅशचा ठिपका चमकला. मी बटण दाबलं. दाबावं की नाही, हा प्रश्न नंतर पडला.

संगणकावर फोटो मोठा करून दाखवला. एकेक सुरकुती, कपाळावरचं गोंदण, सगळं जिथल्या तिथे. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांचा असा निघाला असता का?"

"निघाला असता," मी म्हणालो. खोटं काय बोलणार? आणि मग तीन वर्षं लपवून ठेवलेला भिगवणचा तो फोटो त्यांच्यापुढे उघडला. पक्षी बघू नका म्हणालो, टॉवेल बघा.

"ह्योच मोठा करून आणा."

"वहिनी, यात नुसती पाठ आहे."

"असू दे. हे तरी तेच हायत."

आता त्यांच्या सोप्यात तो फोटो आहे. निळ्या कोटाची फ्रेम ट्रंकेत गेली. नवे पाहुणे विचारतात, फोटोतला माणूस पाठमोरा का? वहिनी सांगतात, भावजींनी पक्ष्यांसाठी सरकवलं त्यांना. तेवढं ऐकून घेणं मला भाग आहे.

तेव्हापासून आळीतल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचे फोटो झाले. काळे आले म्हणतात, पण परत करायला अजून कोणी आलेलं नाही. आमच्याच घरातून तेवढा होकार यायचाय. "अहो, भिंतीवर टांगायला काढताय का माझा फोटो?" असं विचारून ही चहाला उठते. स्टँड आणि पंचा मी माजघरातून हलवलेला नाही. सेल मात्र दर आठवड्याला चार्ज करून ठेवतो.