दीड मैलावरचे गाव

आमच्या दादाने अमेरिकेहून काही पाठवले, की त्यावर पत्ता असतो ‘वाशीम, जिल्हा अकोला’. वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. ही बातमी मी दादाला पत्राने कळवली, फोनवर सांगितली, एकदा तर नव्या जिल्ह्याचा छापील नकाशाही पाठवून दिला. दर वेळी तो ‘हो का? बरं झालं’ असे म्हणतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा अकोला लिहितो. १९७२ साली तो तिकडे गेला, तेव्हाचे वाशीम त्याने बरोबर नेले, आणि ते त्याच्यापाशी अजून जसेच्या तसे आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी असाच पत्ता घातलेला एक खोका आमच्या घरी आला. अमरावतीचे एक गृहस्थ लेकीकडून परत येत होते, त्यांच्या सामानातून तो आला होता. सौभाग्यवतींना वाटले, बदाम-पिस्ते असतील. मला वाटले, सही केलेले कागद असतील. निघाल्या तबकड्या! टीव्हीवर लावून पाहायच्या डीव्हीडींची ही भली मोठी चळत, आणि वर दादाच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘१९८६ साली दाखवायचे राहून गेले होते. आता पाहा. पाचवी गोष्ट नीट पाहा.’

सहीचे प्रकरण काय, ते आधी सांगायला हवे. आमचे घर जुन्या वस्तीतले, आजोबांच्या वेळचे. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू आणि ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. वर्णन ऐकायला मोठे गोड लागते, राहणाऱ्याला विचारा! दर वर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, तर फेरणारा माणूस मिळत नाही. मिळालाच, तर त्याचे काम माकडे दोन दिवसांत मोडून ठेवतात. त्या वर्षीच्या पावसात मागच्या खोलीची भिंत बसली. त्या भिंतीलगतच नातवाची खाट असते. तो शाळेत गेला होता म्हणून निभावले. त्याच दिवशी मी ठरवले, की हे घर पाडायचे आणि स्लॅबचे बांधायचे. पण कागदोपत्री घर दोघा भावांचे. दादाची संमती हवी.

दादा फोनवर म्हणाला, “नानांचं घर आहे ते. डागडुजी कर, पैसे मी पाठवतो. पण पाडू नकोस.”

मी म्हणालो, “दादा, राहायचं आम्हाला आहे. तू पंधरा दिवसांसाठी येतोस.”

हे वाक्य मी बोलायला नको होते. त्यानंतर आमचे बोलणे हवापाण्यावर आले. तिकडे बर्फ पडते काय, इकडे पाऊस पडतो काय! दोघे सख्खे भाऊ, आणि आठवड्याच्या आठवड्याला एकमेकांना नुसते तपमान कळवीत होतो.

आता १९८६ ची हकीकत. त्या दिवाळीला दादा आला तो एक व्हिडिओ कॅसेट घेऊन. तिकडे टीव्हीवर जुने कार्यक्रम रात्री पुन्हा दाखवीत, त्यातून त्याने ती भरून घेतली होती. त्या काळी आमच्याकडे व्हीसीआर म्हणजे लग्नातल्या बँडइतकी अपूर्वाईची वस्तू. अकोल्याहून भाड्याने आणला. ओसरीवर सतरंजी अंथरली. नाना झोपाळ्यावर बसले, शेजारपाजार जमला. कॅसेट लावली, आणि पडद्यावर चित्र जे वर सरकू लागले ते थांबेचना! माणसांची डोकी खाली आणि पाय वर, आवाज घोगरा आणि लांबलेला. अमेरिकेत सेकंदाला ३० चित्रे, आपल्याकडे २५. तिकडे पडद्यावर ५२५ ओळी, आपल्याकडे ६२५. तिकडची कॅसेट इकडच्या यंत्राला कशी पचावी?

शेजारी हसत उठून गेले. दादा मात्र हटला नाही. सरकत्या चित्रासमोर बसून तो नानांना गोष्ट सांगू लागला, अगदी कीर्तनकारासारखी. एक माणूस शहरातल्या दगदगीला कंटाळतो, आपल्या लहानपणच्या गावी चालत जातो. तिथे सगळे पूर्वीसारखेच असते. आई असते, वडील असतात, आणि तो स्वतः अकरा वर्षांचा असतो. वडील त्याला शेवटी ओळखतात... इथवर येऊन दादा थांबला.

नानांनी विचारले, “मग? तो तिथंच राहिला का?”

दादाने यंत्र बंद केले. म्हणाला, “पुढचं पुसलं गेलंय, नाना.”

नाना त्यानंतर दोनच वर्षे होते.

तबकड्यांचे तरी सरळ असावे की नाही? आमच्या यंत्राने पहिली तबकडी तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. चिरंजीवांनी निदान केले. तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांनी म्हणे जगाचे प्रदेश पाडले आहेत. अमेरिका प्रदेश क्रमांक १, आपण क्रमांक ५. एका प्रदेशाची तबकडी दुसऱ्या प्रदेशाचे यंत्र घेत नाही. संगणकातल्या यंत्राचा प्रदेश बदलता येतो, पण तोही पाचच वेळा. मग तो कायमचा ठरला. मला मोठी मौज वाटली. म्हटले, दादाचे आणि माझे हेच झाले आहे. चिरंजीवांनी पाचांतली एक संधी खर्च केली, आणि आमच्या घरात ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू झाला. संधिप्रकाशाचा प्रदेश, म्हणजे दिवस सरला आहे आणि रात्र अजून पडलेली नाही, अशा वेळचा.

नातू म्हणाला, “आजोबा, हे तर काळंपांढरं आहे! आणि तबकड्या आता कोण पाहतं?” आम्ही दोघे पाहू लागलो. ही मालिका अमेरिकेत २ ऑक्टोबर १९५९ ला सुरू झाली आणि १९६४ पर्यंत चालली. एकूण १५६ गोष्टी, आणि प्रत्येक स्वतंत्र. गोष्टीला जोडणारा माणूस एकच, तिचा कर्ता रॉड सर्लिंग. यांतल्या ९२ गोष्टी त्याने स्वतः लिहिल्या. दुसऱ्या वर्षापासून तो पडद्यावर उभाही राहू लागला. काळा सूट, बोटांत सिगारेट, चार वाक्ये आणि अंतर्धान. मला आपला वेताळ आठवला. तोही गोष्ट सांगतो आणि प्रश्न आपल्या खांद्यावर टाकून निघून जातो.

हा सर्लिंग दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक होता. पुढे टीव्हीसाठी नाटके लिहू लागला. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या निग्रो मुलाचा खून झाला, आणि मारेकरी निर्दोष सुटले. त्यावरून त्याने नाटक लिहिले, तर जाहिरातदारांच्या भीतीने ते इतके बदलण्यात आले, की मूळचे काही उरलेच नाही. तेव्हा त्याने ओळखले, की माणसाच्या तोंडून जे बोलू देत नाहीत ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडून बोलता येते. एका गोष्टीत एका साध्या गल्लीवरून उल्केसारखे काहीतरी धडधडत जाते आणि सगळीकडची वीज बंद पडते. उल्का म्हटली की आम्हा वाशीमकरांना लोणार आठवते; रिसोडवरून पुढे गेले की ते १.८ किलोमीटर रुंदीचे विवर लागते. पण या गल्लीत दगड पडत नाही, संशय पडतो. ‘परग्रहावरचा आपल्यातला कोण?’ एवढ्या एका प्रश्नावर चांगली शेजारीपाजारी माणसे रात्र सरायच्या आत एकमेकांच्या जिवावर उठतात. ते पाहून आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो.

दुसरी एक गोष्ट बँकेतल्या कारकुनाची. त्याला वाचनाचे वेड, पण बायको आणि साहेब वाचू देत नाहीत. मग अणुबाँब पडतो, सगळे जग संपते, आणि हा एकटा उरतो. पुस्तकांचे ढीग आणि वेळच वेळ! तेवढ्यात त्याचा चष्मा पडून फुटतो. मी हळहळलो. सौभाग्यवती म्हणाल्या, “दुसरा चष्मा जवळ ठेवायला काय झालं होतं?”

चिठ्ठीतली पाचवी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती ३० ऑक्टोबर १९५९ ला प्रथम दाखवली गेली. छत्तीस वर्षांचा मार्टिन स्लोन न्यूयॉर्कमध्ये जाहिरातीच्या धंद्यात आहे. रस्त्यात मोटार दुरुस्तीला टाकतो आणि पाहतो, तर त्याचे लहानपणचे गाव तिथून अवघे दीड मैल! तो चालत निघतो. दुकानात चॉकलेट सोडा मागतो, तो अजून दहा सेंटलाच मिळतो. आपल्याच घराचे दार ठोठावतो, तर आईवडील त्याला वेडा समजून परतवून लावतात. आपण कोण हे सांगायला तो त्या अकरा वर्षांच्या मुलामागे, म्हणजे स्वतःच्याच मागे धावतो, आणि घाबरलेला मुलगा फिरत्या मेरी-गो-राउंडवरून पडून पायाला जखम करून घेतो. मोठ्या मार्टिनच्याही पायात त्याच क्षणी कळ उठते.

मग येतो तो भाग, जो १९८६ साली ‘पुसला गेला’ होता. वडील काळोखात त्याच्याजवळ येतात. त्यांनी आता त्याला ओळखले आहे. ते रागावत नाहीत. एवढेच समजावतात, की इथे तुला जागा नाही. हा उन्हाळा त्या पोराचा आहे, आणि असा उन्हाळा प्रत्येकाला एकदाच मिळतो. तू आहेस तिथेही काही चांगले असेल, ते शोध. मार्टिन परत येतो. सोडा आता पस्तीस सेंटला झालेला असतो, आणि तो किंचित लंगडत चालत असतो.

खरे सांगतो, मला पहिल्यांदा आनंद झाला तो खटला जिंकल्याचा! दादाने आपण होऊन माझ्या बाजूचा साक्षीदार पाठवला होता. जुन्या घरात परत जाता येत नाही, असे त्याचाच सर्लिंग सांगत होता. फोनवर काय बोलायचे ते मी मनात जुळवूही लागलो.

सौभाग्यवती म्हणाल्या, “पुन्हा एकदा लावा.”

पुन्हा लावली. या खेपेला त्या पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “तुम्हाला हे घर जन्मापासून मिळालं. तुम्ही ते वापरून वापरून संपवलंत. मोठे भाऊजी बावीस वर्षांचे असताना गेले. त्यांचं अजून संपायचंय. तुम्ही दारातूनच त्यांच्यापुढे कागद धरता.”

मी रात्री फोन केला. सहीबद्दल बोललो नाही. विचारले, “दादा, ही गोष्ट तू पहिल्यांदा कधी पाहिलीस?”

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “शहात्तर साली. आई गेल्याची तार आली होती. तिकिटापुरते पैसे नव्हते. झोप येईना म्हणून टीव्ही लावला, तर हे चाललं होतं.”

“आणि शहाऐंशी साली? कॅसेट खरंच पुसली गेली होती का?”

“नाही रे,” तो म्हणाला. “नानांनी विचारलं ना, तिथंच राहिला का म्हणून. त्यांना कसं सांगायचं, की वडीलच त्याला जा म्हणाले?”

यावर मला काही बोलता आले नाही. दादाला त्या रात्री नानांकडून ‘जा’ ऐकायचे नव्हते, की ‘राहा’ ऐकायचे होते, कोण जाणे. ही पाचवी गोष्ट त्याने मला वादात हरवायला पाठवली होती, असे मी समजत होतो. त्याने ती केवळ पुरी करायला पाठवली होती. ऐकणाऱ्या दोघांपैकी मीच एकटा उरलो होतो.

त्यानंतरच्या जानेवारीत दादा आला. तो गेला तेव्हा वाशीमहून मीटर गेजची छोटी गाडी होती. २००८ पासून रूळ रुंद झाले; स्टेशनावर उतरून त्याने ते पाहिले आणि काही बोलला नाही. गुडघा दुखत असल्याने लंगडत घरी आला. बसलेली भिंत पाहिली, नातवाची खाट पाहिली. चार रात्री ओसरीवर झोपला. पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना आपणच म्हणाला, “चल, कुठं सही करायची ते दाखव. झोपाळा मात्र ठेव.”

सर्लिंग न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी वाढला. तिथल्या बागेतले मेरी-गो-राउंड अजून आहे, आणि त्यावर बसायला मुलांना पैसे पडत नाहीत. बाकीचे गाव बदलले असेल. एवढे एक ठेवले, तर बाकीचे बदलू देता येत असावे.

घर आता स्लॅबचे आहे. झोपाळा पुढच्या खोलीत टांगला आहे. कड्या तेवढ्याच कुरकुरतात, आणि नातू त्यावर बसून आपल्या फोनवर काहीबाही पाहत असतो. परवा दादाचे दिवाळीचे शुभेच्छापत्र आले. वर पत्ता, ‘वाशीम, जिल्हा अकोला’. मी आता ते दुरुस्त करायला सांगत नाही. आमच्या पोस्टमनला दोन्ही जिल्हे कळतात.