नाशिक-पुणे, सरळ रेषेत

नकाशावर पट्टी ठेवून बघा. आपल्या नाशिकजवळच्या ओझरचा विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. ओझरहून नाकासमोर दक्षिणेला निघालं की साधारण 170 किलोमीटरवर लोहगाव. रस्त्याने नाशिक-पुणे 210च्या आसपास. आणि रेल्वेने जायचं तर गाडी कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणला जाणार, कर्जतहून खंडाळ्याचा घाट पुन्हा चढणार. अख्खा सह्याद्री एकदा उतरायचा, एकदा चढायचा, म्हणजे 270 किलोमीटर.

म्हणून आमच्या लहानपणी पुण्याला जायचं म्हणजे एसटीनेच. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. कंडक्टरच्या हातात पत्र्याचा ट्रे, त्यात रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे. चिमट्याची टिकटिक शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यायची. आणि मग नद्या! संगमनेरला प्रवरा, चंदनापुरीचा घाट ओलांडला की घारगावला मुळा, आळेफाट्यापुढे कुकडी, नारायणगावला मीना, मंचरच्या अलीकडे घोड, खेडला भीमा, मोशीला इंद्रायणी. सगळ्या सह्याद्रीतून निघून पूर्वेला वाहणाऱ्या आणि आपला रस्ता उत्तर-दक्षिण, त्यामुळे एकही चुकायची नाही. आजी प्रत्येक पुलावर हात जोडायची. भूगोलाच्या पुस्तकाआधी हा क्रम मला तिच्याकडून पाठ झाला. संगमनेरच्या स्टँडवर गाडी थांबली की खिडकीखाली तिखटमीठ लावलेल्या काकड्या यायच्या, आणि ड्रायव्हर चहा संपवून येईपर्यंत कुणालाही घाई नसायची.

आता रस्ता चौपदरी झाला. संगमनेर, नारायणगाव, मंचर, खेड सगळ्यांना बायपास. वातानुकूलित गाडीच्या बंद काचेतून मीना कधी गेली ते कळतही नाही. वाचलेला वेळ बहुतेकदा चाकणच्या कोंडीत जातो, हे या रस्त्यावरचा कुणीही सांगेल.

मधल्या काळात विमानही आलं होतं. 2017च्या डिसेंबरात, ‘उडान’ योजनेत, 19 आसनांचं छोटं विमान. मला मनापासून आनंद झाला होता. मिग आणि सुखोई जिथे बांधली गेली त्या ओझरच्या धावपट्टीवरून आपल्यालाही पुण्याला जाता येणार! ती सेवा फार टिकली नाही. इतक्या जवळच्या गावांना विमान पुरं पडत नाही, असं माझं मत आहे. दक्षिणेला जायचं आणि आधी वीसेक किलोमीटर उत्तरेला ओझर गाठायचं, तिथे तपासणी, उतरल्यावर लोहगावहून शहरात शिरायचं. शिवाय नाशिक आणि पुण्याच्या मधे जी माणसं राहतात, त्यांच्या वाट्याला आकाशातला आवाज तेवढा येतो.

त्यांच्यासाठी हवी ती रेल्वे. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा सुमारे 235 किलोमीटरचा मार्ग आखला गेला. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संदेश टिपणाऱ्या या यंत्राला विजेवरच्या गाडीचा अडथळा होईल, म्हणून मार्ग बदलायचं ठरलं आणि शिर्डी-अहिल्यानगरकडून वळवायची भाषा सुरू झाली. दुर्बीण जपायलाच हवी. तिच्यासारख्या जगात थोड्याच आहेत. पण तिला वळसा घालून पुन्हा नारायणगाव-संगमनेरच्या वाटेवर येता येणार नाही का, याचा कसून शोध व्हावा. टोमॅटोचे कॅरेट घेऊन पहाटे निघणाऱ्या जुन्नरच्या शेतकऱ्याला शिर्डीवरून जाणारी गाडी काय कामाची?